स्मार्टवॉचखालचा चट्टा: ओल, ॲलर्जी की भाजणं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी इंदूरला बँकेत नोकरी करते, वय ४१. दिवाळीला मिस्टरांनी स्मार्टवॉच दिलं. झोप मोजायची म्हणून रात्रीही घालते, आंघोळीलाही बहुतेक वेळा काढत नाही. दोन महिन्यांपासून मनगटावर रुपयाएवढा लाल चट्टा आहे, खाज फार. कडा आता काळपट पडल्या आहेत. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. ऑफिसमधले म्हणतात की मागचा हिरवा लाइट कातडी भाजतो. हे भाजणं आहे की ॲलर्जी? डाग जाईल का? घड्याळ टाकून देऊ का?"

ताई, घड्याळ टाकू नका. पण आज काढून ठेवा आणि ती ट्यूबही बंद करा. घड्याळापेक्षा मला त्या ट्यूबची जास्त काळजी वाटते. तिच्याकडे पुढे येतो.

आधी दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभ्या राहून चट्टा नीट बघा. हातात घड्याळ उलटं धरा आणि चट्ट्याशेजारी ठेवा. इंदूरमध्ये चोवीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतोय, आणि गेल्या सात-आठ वर्षांत अशी मनगटं इतकी पाहिलीत की पेशंट बसायच्या आधी मी घड्याळ मागून घेतो. चट्टा कुठे आहे, कोणत्या आकाराचा आहे, त्याची कड कशी आहे, यातच निम्मं निदान असतं. तुम्ही 'रुपयाएवढा' लिहिलंय. बहुतेक घड्याळांच्या पाठीवर मधोमध जी फुगीर काच असते, ती साधारण तेवढीच असते. चट्टा तिच्याशी बरोब्बर जुळत असेल, कड आखल्यासारखी असेल आणि कातडी गुळगुळीत, चकचकीत लाल दिसत असेल, तर दहापैकी सात-आठ वेळा ही ॲलर्जी नसतेच. ती ओल असते. हा आकडा माझ्या ओपीडीतल्या अंदाजाचा आहे, तेवढाच धरा.

पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात ना, तोच प्रकार मनगटावर. घड्याळाची पाठ काचेची, पट्टा सिलिकॉनचा, दोन्हींतून वारा जात नाही. घाम येतो तो तिथेच राहतो. त्यात आंघोळीचा साबण, भांड्यांचं लिक्विड, सनस्क्रीन, कणीक मळतानाचं पीठ, सगळं अडकतं. कातडीचा वरचा थर भिजून मऊ पडतो आणि मग घड्याळ दिवसभर त्यावर घासतं. साबणाचा जो अंश एरवी पाण्यानं निघून गेला असता, तो मऊ कातडीवर तासन् तास बसून राहतो. याला आम्ही इरिटंट डर्मटायटिस म्हणतो, साध्या मराठीत चिडलेली कातडी. हे कुणालाही होऊ शकतं, त्यासाठी ॲलर्जीची प्रकृती असावी लागत नाही.

एकदा रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजातली तीन मुलं एकत्र आली होती. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, खेळून आलेली. तिघांच्याही मनगटांवर चौकोन. रंग, पाणी, घाम, ऊन, आणि घड्याळ कुणीच काढलेलं नाही. वर घरी येऊन रंग जावा म्हणून कपड्यांच्या साबणानं घासलेलं. एकाचं घड्याळ मी टिश्यू पेपरनं पुसलं, तर पाठीच्या खाचेतून हिरवा-जांभळा चिखल निघाला. तो स्वतःच म्हणाला, "सर, ये तो नाली है." आठ दिवस घड्याळ बंद, साधं व्हॅसलिन, तिघंही बरे. औषधाची गरज फक्त एकाला पडली.

आता ॲलर्जीबद्दल. ही कड पाळत नाही. चट्टा घड्याळाच्या बाहेर सरकतो, बारीक पाण्याचे फोड येतात, खाज रात्री झोपू देत नाही. आणि ती उशिरा येते. घड्याळ आज घातलं तर पुरळ उद्या, परवा, कधी तिसऱ्या दिवशी. म्हणून पेशंट म्हणतात, "काल तर घातलंच नव्हतं, मग घड्याळाचं कसं असेल?" असतं.

घड्याळाच्या ॲलर्जीत मुख्य संशयित निकेल. जगभर धातूंच्या ॲलर्जीत याचाच पहिला नंबर. मी पहिला प्रश्न घड्याळाचा विचारतच नाही, कानाचा विचारतो: खोटे कानातले चालतात का? "नाही हो, लहानपणापासून सोन्याशिवाय काही घातलं की कान चिघळतात" असं उत्तर आलं की निकेल जवळपास नक्की. नवरात्रात गरब्याला ऑक्सिडाइज्ड दागिने घालून गळ्याभोवती पुरळ आलं होतं का, जीन्सच्या बटणाखाली बेंबीपाशी काळा डाग आहे का, हेही आठवून बघा. घड्याळांत आणि बकलांत जे ३१६ एल स्टील वापरतात त्यात १० ते १४ टक्के निकेल असतं. एरवी ते धातूत पक्कं बांधलेलं असतं, बाहेर फारसं येत नाही. पण घाम म्हणजे खारं पाणी, त्यातलं क्लोराइड धातू हळूहळू खातं. स्वस्त मुलामा असेल तर आणखी लवकर. कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूंतून निकेल किती झिरपावं यावर युरोपात कायद्यानं मर्यादा घातली आहे: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. नावाजलेल्या कंपन्या ती पाळल्याचं सांगतात. मात्र ज्याचं शरीर निकेलवर आधीच चिडून बसलंय, त्याला कधी कधी तेवढंही पुरतं.

ओपीडीत माझ्याकडे एक छोटी बाटली असते, डायमिथाइलग्लायॉक्झिमची. कापसाच्या काडीवर त्याचे आणि अमोनियाचे थेंब टाकायचे आणि धातूवर अर्धा मिनिट घासायचं. निकेल सुटत असेल तर काडी गुलाबी होते. सुदामा नगरच्या एक काकू महागडं घड्याळ घेऊन आल्या होत्या, सोबत काका. काकांचं म्हणणं, एवढं महागाचं घड्याळ, त्यात खोट कशी असेल! चट्टा होता मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतो तिथे, बकलाच्या आकाराचा. मी घड्याळाच्या पाठीवर काडी घासली, पांढरी राहिली. बकलावर घासली, बघता बघता गुलाबी. तेव्हा काकूंनी हळूच सांगितलं की मूळ पट्टा तुटला होता, हा दीडशे रुपयांचा नंतर बसवलाय. काका घड्याळाकडे बघत होते, मी काकांकडे.

म्हणून सांगतो, चट्टा घड्याळाखाली की बकलाखाली हे आधी ठरवा. नुसता पट्टा बदलून भागणारं काम असेल तर घड्याळाला शिक्षा नको. इंटरनेटवर एक उपाय फिरतो, धातूवर पारदर्शक नेलपॉलिश लावायचं. बकलाला तात्पुरतं ठीक आहे, पण ते आठवड्याभरात उडतं, आणि नेलपॉलिशच्या रेझिनचीही काहींना ॲलर्जी असते. घड्याळाच्या पाठीवर तर मुळीच लावू नका, सेन्सर आणि चार्जिंगच्या पिना दोन्ही बिघडतील.

दुसरा संशयित दिसत नाही. घड्याळाचे भाग चिकटवायला जे गोंद वापरतात, त्यांतली ॲक्रिलेट नावाची रसायनं. पक्की वाळली की ती निरुपद्रवी, कच्ची राहिली की त्रासदायक. इथे एक प्रश्न मी बायकांना हटकून विचारतो: पार्लरमध्ये जेल नेल किंवा नेल एक्स्टेन्शन केलं होतं का? कारण त्यातही हाच परिवार. नखांमुळे शरीर एकदा ॲक्रिलेटवर चिडलं की पुढे घड्याळ, चिकटपट्टी, कुठेही ते डोकं वर काढू शकतं. डायबेटिसवाले दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवतात, त्याखाली पुरळ येण्यामागे याच कुळातलं आयसोबॉर्निल ॲक्रिलेट बऱ्याचदा सापडलं. इतकं की अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२० साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं. जेल नेलनंतर बोटांची टोकं कधी सोलली असतील तर आपल्या डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

चामड्याच्या पट्ट्यात क्रोमियम आणि रबराच्या पट्ट्यात रबर पक्कं करायची रसायनं, हे जुने मामले, चपलांमुळे आम्हाला पाठ आहेत. रबरी पट्ट्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. टिकलीच्या गोंदानं कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. रबरातल्या आणि गोंदातल्या काही रसायनांनी कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशीच मरतात. पट्ट्याखाली खाज नसताना पांढरा ठिपका दिसला तर "जाईल" म्हणून थांबू नका. लवकर आलात तर रंग परत यायची शक्यता बरी असते.

कुणी म्हणेल, हे सगळं डॉक्टर लोकांचं कल्पनारंजन. तसं नाही. फिटबिटच्या फोर्स नावाच्या मनगटी पट्ट्यामुळे अमेरिकेत इतक्या लोकांना पुरळ आलं की २०१४ साली कंपनीनं सुमारे १० लाख पट्टे परत बोलावले. पुरळ-खाजेच्या जवळपास ९,९०० तक्रारी आणि फोड आल्याच्या २५० तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. कंपनीचा खुलासा काय होता, तर स्टीलमधलं निकेल, किंवा पट्ट्यातले गोंद आणि इतर पदार्थ यांची ॲलर्जी. म्हणजे वर सांगितलेलीच मंडळी.

आता ट्यूब. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण "लावली की चार दिवस बरं, मग परत तेच" यावरून ओळखतो. खोक्यावर तीन-चार नावं असतील, त्यात क्लोबेटासोल, एखादं बुरशीचं औषध आणि निओमायसिन किंवा जेंटामायसिन. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडांतलं सगळ्यात जोरकस. सूज आणि खाज ते दाबतं, म्हणून पहिल्या दिवशी जादू वाटते. दोन महिने लावलं तर मनगटाची कातडी सिगरेटच्या कागदासारखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात. निओमायसिनची स्वतःचीच ॲलर्जी बऱ्याच जणांना असते, म्हणजे औषधच पुरळ उठवतं आणि दोष घड्याळावर जातो. आणि तिसरं सगळ्यात वाईट: तो चट्टा मुळात नायटा असेल तर?

नायटा, इकडच्या भाषेत दाद. घड्याळाखालची ओली गरम जागा बुरशीला माहेरच. मधला भाग साफ, कडेला उठलेली खवल्यांची गोल रेघ आणि रेघ रोज थोडी पुढे सरकते, असं असेल तर ते घड्याळाचं पुरळ नाही. त्यावर स्टिरॉइड लावलं की लाली जाते, बुरशी मात्र निवांत पसरते आणि तिचा गोल आकारही बिघडतो, मग आम्हालाही ओळखायला वेळ लागतो. गेली काही वर्षं भारतभर औषधांना दाद न देणारा नायटा पसरलाय (शब्दांचा खेळ हेतुपुरस्सर नाही), त्याला या ट्यूबांनी हातभार लावलाय असं माझं मत आहे, आणि माझं एकट्याचं नाही. तुमच्या कडा काळपट आहेत असं लिहिलंय. त्या उठलेल्या, खवल्यांच्या असतील तर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागेल. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या ऑफिसातल्या हिरव्या लाइटकडे येतो. तो रक्ताचा प्रवाह बघायला असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, परतलेला प्रकाश त्याप्रमाणे बदलतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. तो एलईडीचा मंद दिवा आहे, त्यात कातडी भाजण्याएवढी ऊर्जा नाही. लाइटच्या जागी जो गोल वळ दिसतो तो फुगीर काचेच्या दाबाचा.

भाजणं मात्र खरंच घडतं. क्वचित, पण घडतं, आणि ते वेगळं ओळखू येतं: खाज नाही, दुखतं. किंवा आधी काहीच कळत नाही आणि सकाळी कोरडा, खोल, काळी खपली धरलेला ठिपका दिसतो. कारणं दोन. एक, सरळ उष्णता. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या दोघांनी दाखवलं होतं की ४४ अंश सेल्सियसला कातडी भाजायला साधारण सहा तास पुरतात, आणि तापमान वाढेल तसा हा वेळ झपाट्यानं कमी होतो. ४४ अंश म्हणजे चटका बसणारं तापमान नाही, नुसतं बरंच गरम. जागं माणूस हात हलवतं, घड्याळ काढतं. झोपलेलं काढत नाही, आणि डायबेटिसमुळे संवेदना कमी झालेलं माणूस जागं असूनही काढत नाही. म्हणून चार्जरवरून काढलेलं गरम घड्याळ लगेच हाताला बांधून झोपू नका, दहा मिनिटं थंड होऊ द्या.

बॅटरीच बिघडली तर गोष्ट वेगळी. फिटबिटचंच आयॉनिक नावाचं घड्याळ मार्च २०२२ मध्ये याच कारणानं परत बोलावलं गेलं. एकट्या अमेरिकेत बॅटरी तापल्याच्या ११५ तक्रारी होत्या आणि ७८ जणांना भाजलं होतं, त्यात दोघांना तिसऱ्या दर्जाचं. विकलेल्या घड्याळांच्या मानानं आकडा छोटा, पण ज्याचं मनगट त्याला शंभर टक्के.

दुसरं कारण चार्जिंगच्या पिनांचं. काही घड्याळांच्या पाठीवर दोन किंवा चार बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. दोनेक वर्षांपूर्वी कोचिंगचा एक मुलगा आला होता, भर जूनमध्ये. मनगटावर दोन ठिपके, प्रत्येकी तिळाएवढे, एक नुसता लाल आणि दुसरा खोल, मध्ये राखाडी. वसतिगृहात कुणी सिगरेट लावली का असा त्याच्या वडिलांचा संशय. मी फूटपट्टी काढली आणि ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, मग घड्याळाच्या पिनांमधलं. सारखं. आणि खोल जखमेसमोरची पीन हिरवट गंजलेली. बिघाडानं पिनांत थोडासा प्रवाह राहिला आणि मधे खारा घाम आला, की ऋण टोकाशी अल्कली तयार होते आणि कातडी गळायला लागते. लहान मुलानं बटण-बॅटरी गिळली की अन्ननलिकेत जे होतं तेच, छोट्या प्रमाणात. त्या मुलाच्या बाबतीत हा माझा तर्क, सिद्ध करायला माझ्याकडे यंत्र नाही. फोटो आणि मापं लिहून दिली, कंपनीनं काही न बोलता घड्याळ बदलून दिलं. मुलाच्या मनगटावर मात्र एक वण राहिला.

असं भाजलं तर घड्याळ काढा आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. वीस म्हणजे वीस, घड्याळ लावून (भिंतीवरचं). बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, फोड फोडू नका. घड्याळ फुगलं असेल, काच उचलली गेली असेल किंवा गोडसर रसायनाचा वास येत असेल तर ते चार्जिंगला लावू नका, टोचू नका. कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ही भाजल्याची गोष्ट वाटत नाही. दोन आठवडे दोन्ही मनगटं मोकळी ठेवा. दिवसातून दोन-तीनदा साधं पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर. साबण त्या जागी नको. ट्यूब एकदम बंद केल्यावर पहिले काही दिवस लाली आणि खाज उसळू शकते, घाबरून परत तीच लावू नका. फार उसळलं तर या, सौम्य स्टिरॉइड मोजक्या दिवसांसाठी मी लिहून देईन, पण नायटा नाही हे बघून. काळपट डाग हा सूज उतरल्यावर मागे राहिलेला रंग. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत तो तीन ते सहा महिने, कधी जास्तही टिकतो, आणि ऊन लागलं की गडद होतो. लिंबू, ब्लीच, फेअरनेस क्रीम यांनी तो वाढतो.

कातडी पूर्ण बरी झाल्यावर परत घाला, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी पट्टा: कापडी विणलेला घ्या, जेल रोडला ढिगानं मिळतात, बक्कल नसलेला वेल्क्रोचा निवडा. पहिल्या दिवशी दोन तास, मग चार. तीन दिवसांत काही उठलं नाही तर वाढवा. पट्ट्याखाली करंगळी जाईल इतकं सैल ठेवा. नेहरू स्टेडियमला फिरताना नाडी नीट मोजायला घट्ट करायचं असेल तर करा, घरी आलं की सैल. आंघोळ, भांडी, कणीक यांच्या वेळी काढायचं. घड्याळाची पाठ रोज ओल्या फडक्यानं पुसा आणि मग कोरडी करा. कापडी पट्टा आठवड्यातून एकदा साबणानं धुवा आणि साबण पुरता निघेपर्यंत खळबळा, नाहीतर तोच परत चिडवेल. आणि झोप मोजायची हौस असेल तर दिवसा तरी मनगटाला सुटी द्या. चोवीस तास कुणीच ड्यूटी करत नाही, बँकेतही नाही.

इतकं करूनही दुसऱ्यांदा उठलं तर पॅच टेस्ट करू. पाठीवर छोट्या चकत्यांत संशयित पदार्थ ४८ तास चिकटवतात, मग काढून दोनदा बघतात, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. म्हणून मे महिन्यात मी ती करतच नाही, चकत्या घामानं सुटून येतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम. पू, ताप, पसरणारी लाली, पांढरा ठिपका किंवा दुखरा काळा ठिपका असेल तर मात्र दोन आठवड्यांची वाट न बघता या.

येताना घड्याळ, जुना-नवा पट्टा, चार्जर आणि ती ट्यूब खोक्यासकट पिशवीत घालून आणा. आणि घड्याळ पुसून-धुवून आणू नका. त्याच्या पाठीवर काय साचलंय ते मला बघायचंय.